वापसा आल्याशिवाय वावरात पाय नको : शेतावर राहायला येणाऱ्यांसाठी काम आणि विसाव्याची घडी

शेतावर राहायला आलो त्यानंतरच्या पहिल्या जुलैतली गोष्ट. तीन दिवस झड लागलेली होती. चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि मी खुरपं घेऊन कपाशीत शिरले. दहा पावलांत चपलेला ही एवढी माती चिकटली. चप्पल हातात घेतली तर पाय घोट्यापर्यंत रुतायला लागले. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजारचे काकाजी ओरडले, "बाई, बाहेर निंघा आंधी! वापसा नाई आला अजून. जमीनबी तुडवून राह्यल्या अन् सोतालेबी थकवून राह्यल्या." मी बाहेर आले. काकाजींनी खाली वाकून मूठभर माती उचलली, दाबून लाडवासारखा गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. गोळा थपकन पडला आणि तसाच राहिला. "हा फुटला पाह्यजे. फुटला का मंग या."

दोन दिवसांनी तसाच केलेला गोळा पडता पडता विस्कटला. म्हणजे वापसा आला: माती आत ओलसर, पण काम करता येण्याइतकी सुकलेली. ते दोन दिवस मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. शहरातून आलेल्या माणसाला मोकळा दिवस टोचतो, आपण काहीतरी चुकवतोय असं वाटत राहतं. पण काळी जमीन ओली असताना तुडवली की दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही, आणि वाळल्यावर तिथं अशी ढेकळं होतात की पुढचं निंदण दुप्पट जड जातं. म्हणजे त्या दिवशी मी चार तास राबले असते तर ते चार तास वाया जाऊन वर आणखी काम वाढलं असतं. विदर्भात शेतावर राहायचं तर विसाव्याची वेळ आधी ठरते आणि काम तिच्याभोवती बसवावं लागतं. ती वेळ ऊन ठरवतं, पाऊस ठरवतो, लाईन म्हणजे वीज ठरवते, बाजाराचा वार ठरवतो. ते वाचायला शिकेपर्यंत माणूस थकतो, आजारी पडतो, आणि बरेच जण दुसऱ्या वर्षी शेत सोडून परत जातात. मी तसं होताना पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आमचा अनुभव वर्धा जिल्ह्यातला, कापूस-तूर-सोयाबीनच्या पट्ट्यातला. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाची शेती आहे, तिथं रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांचं गणित वेगळं. पण उन्हाळा आणि पावसाळ्याबद्दल जे सांगते ते तिकडेही बव्हंशी लागू पडेल.

पहिली पायरी : पहिल्या वर्षी काम कमी घ्या

जमीन पाच एकर असेल तर चार एकर पहिल्या वर्षी बटईनं (पिकाच्या वाट्यावर) किंवा मक्त्यानं (ठरावीक रकमेवर) कसायला द्या. स्वतःकडे एक एकर आणि घराभोवतीची परसबाग ठेवा. एवढ्यातच पेरणी, डवरणी (डवऱ्यानं ओळींमधलं तण काढणं), निंदण, फवारणी, वेचणी सगळं शिकून होतं आणि कंबरही शाबूत राहते.

दुभतं जनावर पहिल्या वर्षी घेऊ नका. हे मी कळकळीनं सांगते, कारण नव्या माणसाचं मन पहिलं तिकडेच ओढ घेतं. आमच्या जिल्ह्यातली गवळाऊ गाय दिसायला इतकी देखणी असते की पाहताक्षणी दाव्याला बांधावीशी वाटते. पण गाय आली की पहाटे आणि संध्याकाळी धार, शेण, वैरण, पाणी. वर्षाचे ३६५ दिवस. लग्नाला जाणं नाही, तापानं अंथरुण धरणं नाही. तुमच्या जागी धार काढणारा दुसरा माणूस घरात किंवा शेजारात असेल तरच गाय आणा. सुरुवात कोंबड्यांपासून करा. सकाळी खुराडं उघडायचं, तिन्हीसांजेला मुंगूस आणि रानमांजर यायच्या आत बंद करायचं, एवढ्यावर त्या राहतात.

दुसरी पायरी : उन्हाळ्यात दिवसाची दोन टोकं धरा

मार्चच्या अखेरीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत दिवसाचा मधला भाग तुमचा नाही. मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश ही नवलाची गोष्ट नसते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत गावातली जुनी माणसं दुपारी अंगणातसुद्धा येत नाहीत.

आमचं उन्हाळ्याचं वेळापत्रक असं आहे. साडेचारला उठायचं. पाच ते साडेनऊ बाहेरची कामं: पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) वेचणं, धुऱ्याची साफसफाई, खत पसरवणं, झाडांना पाणी. दहाला न्याहारी नाही, सरळ जेवण. अकरा ते साडेचार घरात. पाच ते सात पुन्हा बाहेर. साडेनऊला झोप.

अकरा ते साडेचार या वेळात काय करायचं हा प्रश्न नवे लोक हमखास विचारतात. पहिलं उत्तर, झोपा. किमान एक तास आडवं व्हा, डोळा लागला नाही तरी. पहाटे साडेचारला उठलेल्या शरीराची ती उरलेली रात्र आहे. त्यानंतर बसून करायची कामं घ्या: बियाणं निवडणं, तुरीची डाळ पाखडणं, हिशेबाची वही, खुरप्याचा दांडा बसवणं. पण ही यादी वाढवत नेऊ नका. मी पहिल्या उन्हाळ्यात दुपारची पापड, कुरड्या, लोणची यांची रांग लावली आणि जूनची पेरणी आली तेव्हा अंगात त्राण नव्हतं.

दुपारची झोप लागायची तर घर थंड हवं. सेवाग्रामला बापूकुटी पाहून या. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले, आणि मातीच्या भिंती, बांबू, कवेलूचं (कौलांचं) छप्पर यांचं ते घर भर दुपारी कसं राहतं ते हात भिंतीला लावून पाहा. तसं घर बांधणं जमलं नाही तरी पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडू न देणं कुणालाही जमतं. आम्ही त्या भिंतीला लागून मांडव घातला आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवला. उन्हाळ्यात वेल तग धरत नाही तेव्हा त्याच मांडवावर पऱ्हाट्या टाकतो. कूलर लागतोच. त्याच्या जाळीला वाळा लावला तर हवेला सुवासही येतो. लाईन गेली की कूलर बंद पडतो, म्हणून ओली चादर आणि खिडकीला लावलेली वाळ्याची ताटी तयार ठेवा.

प्यायला आंबील शिकून घ्या. रात्री वाटीभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत त्याला हलका आंबूस वास येतो. चार वाट्या पाणी उकळून त्यात ते धार धरून सोडायचं आणि ढवळत राहायचं, नाहीतर गाठी होतात. दाटसर झालं, चकाकी आली की उतरवायचं. निवल्यावर ताक, मीठ, ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड. वावरात जायच्या आधी एक गडवा पिऊन निघालं की साडेनऊपर्यंत तोंड सुकत नाही. सोबत कांदा आणि डोक्याला, कानांना गुंडाळलेला दुपट्टा.

ऊन लागल्याची सुरुवात ओळखा: डोकं ठणकणं, मळमळ, पायांत गोळे. लगेच काम सोडून सावलीत या आणि साखर-मिठाचं पाणी प्या: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंग तापलेलं असून घाम थांबला असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल तर वाट पाहू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

तिसरी पायरी : पावसाळ्यात झड आणि उघाड यांच्या तालावर चाला

मान्सून आमच्याकडे जूनच्या मध्यावर येतो. पहिल्या सरीला हुरळून पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही, हे कृषी खातंही सांगतं आणि काकाजीही. घाईनं पेरलं आणि पावसानं ताण दिला की दुबार पेरणी येते. बियाण्याचा पैसा जातो आणि श्रम दुसऱ्यांदा करावे लागतात. थांबण्याचे ते आठ-दहा दिवस तिफन, सरते ही पेरणीची अवजारं आणि दोर पाहून ठेवण्यात घालवा आणि झोप साठवून घ्या.

पेरणीनंतर दोनच प्रकारचे दिवस असतात. उघाड असली की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काम: डवरणी, निंदण, खत. त्या दिवसांत घरातलं सगळं मागे टाका. फरशी पुसली नाही तरी चालेल, एकवेळ खिचडी चालेल. झड लागली की वावराकडे पाठ फिरवा. तीन दिवस झड असेल तर पहिला पूर्ण दिवस झोपा. मग पाहिजे तर पोती शिवा, डब्यांना ऊन दाखवायची यादी करा. शेजारी जाऊन बसा. गावातली अर्धी शेतीविद्या झडीच्या दिवसांत ओसरीवर मिळते.

झोपेची जागा मात्र नीट करा. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री फिरतो, घरात शिरतो आणि त्याचा दंश बऱ्याचदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, तेव्हा कळतं. खाट, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी आणि उशाशी बॅटरी, एवढं केलं की निर्धास्त झोप लागते. दंशाची शंका जरी आली तरी झाडपाला, मंत्र-तंत्र यांत वेळ न घालवता सरळ दवाखाना.

चौथी पायरी : फवारणीला विसाव्याचा नियम सगळ्यांत कडक

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट आणि तीच माणसं रोज पाठीवर पंप घेऊन वावरात. या गोष्टीची आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे आणि ती ताजी राहिलीच पाहिजे.

आमच्या वावरात नियम असे आहेत. फवारणी फक्त सकाळी, दहाच्या आत संपवायची. उपाशीपोटी नाही. वाऱ्याच्या विरुद्ध नाही. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. गरम होतं म्हणून यातलं काहीही काढायचं नाही, त्यापेक्षा काम थांबवायचं. आज ज्यानं फवारलं तो उद्या पंपाला हात लावणार नाही, मग तो घरचा असो की रोजंदार. मजुराला फवारणीनंतर साबण, दोन बादल्या पाणी आणि उरलेल्या दिवसाची मजुरी द्यायची, वर दुसरं काम सांगायचं नाही. मळमळ, भरपूर घाम, लाळ, अंधुक दिसणं यातलं काहीही झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. डबा पाहिला की डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

पाचवी पायरी : हिवाळ्यात रात्रीची झोप वाचवा

हिवाळा सुखाचा वाटतो, पण झोप सगळ्यांत जास्त याच दिवसांत मोडते. कारणं दोन, लाईन आणि जागल.

शेतीच्या पंपाची थ्री फेज लाईन आठ तासांच्या पाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की हरभऱ्या-गव्हाचं पाणी थंडीत, अंधारात द्यावं लागतं. दुसऱ्या हिवाळ्यात मी सलग तीन रात्री दांडावर (पाण्याच्या पाटावर) उभी राहिले. घरच्यांना ताप होता, मजूर मिळत नव्हता. तिसऱ्या रात्री धुऱ्यावर टेकले आणि डोळा लागला. दांड फुटला, पाणी शेजारच्या हरभऱ्यात शिरलं आणि पहाटेपर्यंत भरत राहिलं. हरभऱ्याला साचलेलं पाणी सोसत नाही. आठ दिवसांत तिथली झाडं पिवळी पडून वाळली. शेजाऱ्यांनी भरपाई घेतली नाही. ते इतकंच म्हणाले, "झोप आली होती तर मोटर बंद करून झोपाचं होतं. एक रात पाणी नाई भेटलं तर हरभरा मरत नाई." हे मला आजही लागून आहे.

त्यानंतर आम्ही ठरवलं, एका माणसानं सलग दोन रात्री ओलीत करायचं नाही. दुसऱ्या रात्री पाणी चुकलं तरी चालेल. पुढे जमेल तसं पैसे साठवून टाकी बांधली आणि ठिबक टाकलं. लाईन दिवसा असेल तेव्हा टाकी भरून ठेवली की उताराच्या जोरावर परसबाग आणि भाजीचा तुकडा आपोआप भिजतो. सौर पंप मिळत असेल तर अर्ज करा, कारण तो चालतोच दिवसा. मोटारीला ऑटो स्टार्टर लावण्याचा मोह होतो, पण लाईन येताच सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग आख्खा शिवार आठवडाभर कोरडा राहतो.

जागल म्हणजे रानडुक्कर आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक राखण्यासाठी रात्रभर जागणं. तूर शेंगांवर आली, हरभरा घाट्यांवर आला की हे दिवस सुरू होतात. एकट्यानं जागल करू नका. आमच्या बाजूची चार वावरं मिळून पाळी लावतात: एका रात्री एका घरचा माणूस माळ्यावर (मचाणावर), बाकीचे झोपलेले, गरज पडली की हाकारा. कुंपणाला झटका मशीन लावली तर पाळ्या निम्म्या होतात. तिचा झटका क्षणाचा असतो, जनावर बिचकून पळतं. कुंपणात थेट लाईनचा करंट सोडणं गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत. ते कुणी कितीही सहज सुचवलं तरी करू नका.

जागलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत त्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, पाहुणे आले तरी. हा नियम घरात पहिल्याच वर्षी लागू करा. नंतर लावायला जड जातो.

जाता जाता संत्र्याच्या बागेबद्दल. वरूड, मोर्शी, काटोलकडे जमीन घेतली असेल तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडलेलं दिसेल, पानं मलूल झालेली असतील. दया येऊन पाणी सोडू नका. आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरण्यासाठी झाडाला तो ताण मुद्दाम दिलेला असतो. मग पाणी सुरू केलं की झाड फुलांनी भरून येतं. पाणी किती दिवस तोडायचं हे जमिनीच्या पोतावर ठरतं, ते बागवाल्या शेजाऱ्याला विचारा.

सहावी पायरी : आठवड्याची सुट्टी बाजाराच्या दिवशी

रविवार इथं उपयोगाचा नाही. तुमच्या गावचा किंवा जवळच्या मोठ्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी भरतो तो दिवस सुट्टीचा. त्या दिवशी मजूर येत नाहीत, बायांना निंदायला बोलावलं तरी त्या नाही म्हणतात, आणि ते अगदी बरोबर आहे. आठवड्याची मजुरी आदल्या संध्याकाळी हातात द्या, म्हणजे त्यांचा बाजार नीट होतो. आपण फक्त जनावरांचं आणि पाण्याचं पाहायचं, बाकी वावरात पाय टाकायचा नाही.

सणांचंही तसंच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलांना धुऊन आणतात, पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्याला लोणी आणि हळद लावतात, आणि कानाशी वाकून म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." ज्या खांद्यावर वर्षभर जू असतं त्या खांद्यावर हात फिरवताना घट्टे बोटांना लागतात. पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. तुमच्याकडे बैल नसले तरी हे दोन दिवस काम काढू नका. गावात जा, तोरणाखाली उभे राहा.

सातवी पायरी : घरातल्या बाईचा विसावा वेगळा मोजा

वावरातून दोघं बरोबर परततात. पुरुष हातपाय धुऊन खाटेवर टेकतो आणि बाई चुलीपुढे बसते. शहरात पोळीवाली बाई, मशीन, नळ यांनी हे झाकलं जातं; शेतावर ते उघडं पडतं. आमच्याकडे पहिली दोन वर्षं वादाचं मूळ हेच होतं. मग आम्ही एक महिना वहीत दोघांच्या आडवं पडण्याच्या वेळा लिहिल्या. माझ्या रोज सरासरी दीड तासानं कमी निघाल्या. आकडे समोर आल्यावर वाद संपला. संध्याकाळचा स्वयंपाक आता पाळीनं होतो, बाजाराच्या दिवशी पिठलं-भात घरधनी करतात, आणि विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा नळ आम्ही ट्रॅक्टरच्या अवजारांआधी घेतला. तुम्हीही पैसे लावताना हाच क्रम ठेवा.

निंदायला येणाऱ्या बायांचाही विचार करा. त्या अकराच्या सुमारास येतात तेव्हा पहाटेपासून घरचं सगळं उरकून आलेल्या असतात. शिदोरी सोडायला सावली, प्यायला थंड पाणी आणि जेवणानंतर अर्धा तास पाठ टेकायला वेळ द्या. घड्याळ दाखवू नका.

आठवी पायरी : पहिल्या आठवड्यात विचारून ठेवा

सामान लावायच्या आधी गावात फिरून या गोष्टी विचारा आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावा. बाजाराचा वार कोणता. या आठवड्यात लाईन दिवसा की रात्री, आणि पाळी कधी बदलते. आपल्या बाजूच्या शिवारात जागल कोण करतं, आणि पाळीत तुमचं नाव कसं घालायचं. सर्पदंशावरची लस (प्रतिविष) कायम असते असा सर्वांत जवळचा सरकारी दवाखाना कोणता, आणि रात्री तिथवर पोचवायला गाडी कुणाची. तुमच्या गैरहजेरीत कोंबड्या कोण कोंडेल. या शेवटच्या माणसाकडे पहिल्याच आठवड्यात चहा प्यायला जा, आणि जाताना परसबागेतलं काही हाताशी असेल तर घेऊन जा.